बदकांच्या स्वेटरमधला मुलगा

कुमुदताई,

गेल्या आठवड्यात तुझ्या घराचं कुलूप काढलं आणि सवयीने उंबऱ्यातूनच हाक मारली, "आहेस का गं?" माझ्या मागे नगरहून आलेला तुझा चुलतभाऊ उभा होता. तो बिचारा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. आत पाऊल टाकताना मी अंग चोरलं, कारण दारामागे लोकरीच्या दुकानाची जुनी पत्र्याची पाटी टेकवलेली असते आणि तिला धक्का लागला की तू ओरडतेस. पाटी होती. ओरडलं कोणी नाही. इतके दिवस सगळ्यांसमोर कोरडी राहिलेली मी त्या गंजक्या पाटीपाशी बसून रडले.

तुला जाऊन अजून महिनाही व्हायचाय.

तुझा भाऊ चांगला माणूस आहे. घरमालकाला खोल्या रिकाम्या करून द्यायच्या म्हणून एवढ्या लांब आला. मी डोळे पुसेपर्यंत त्याने चहूकडे पाहून घेतलं. भिंतभर लोकरीच्या जुन्या जाहिराती. गुटगुटीत गालांची मुलं, सुया हातात धरून हसणाऱ्या आया, शेजारी पेपर वाचत बसलेले बाप. कपाटावर ती लाकडी धडं, ज्यांना दुकानदार स्वेटर चढवून दारात मांडायचे. खिडकीत लोकरीच्या रंगांचे धागे चिकटवलेली पुठ्ठ्याची शेड कार्डं. सुया टांगायचा गोल फिरणारा स्टँड, ज्यावर तू ओले रुमाल वाळत घालायचीस.

त्याने हळूच विचारलं, "ताईला विणकामाची एवढी आवड होती?"

"तिला एक टाका घालता यायचा नाही," मी म्हटलं.

तो आणखीच गोंधळला. नंदूबद्दल त्याला कोणी सांगितलं नसणार. हा भाऊ जन्मला तोवर तुमच्याकडे ते नाव काढायचं बंद झालं होतं.

आपली ओळख पानिपतच्या बसमध्ये झाली हे मी सांगते तेव्हा लोकांना गंमत वाटते. आमचे हे तेव्हा नुकतेच फौजेतून निवृत्त झाले होते, फरीदाबादला फ्लॅट घेतला होता आणि मी तिथे कोणाला ओळखत नव्हते. तशी मी कुठेच कोणाला फारशी ओळखत नसे. छावणीत शेजारणी भरपूर मिळतात, त्यांच्या मैत्रिणी होईपर्यंत बदलीचा कागद येतो. "चल, मराठी माणसं तरी भेटतील," म्हणून यांनी मला संक्रांतीला मंडळाच्या बसमध्ये बसवलं.

काला अंबच्या युद्धस्मारकाला फुलं वाहून झाली, घोषणा झाल्या, तिळगूळ वाटून झाला. येताना बस गावात जेवणासाठी थांबली आणि नंतर सुटेचना. एक बाई गायब होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळला, मागच्या सीटवरची मुलं रडायला लागली, आणि मग लांबून तू येताना दिसलीस. पांढरी साडी, वर पुरुषी कोट, आणि काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. पोत्यातून बिनहातांचे दोन लाकडी खांदे बाहेर आले होते.

मंडळाचे सेक्रेटरी तुझ्यावर उखडले. "मॅडम, सगळी बस खोळंबलीय! आणि हे काय उचलून आणलंत?"

तू पायरीवर उभी राहून दम खाल्लास आणि म्हणालीस, "पानिपतहून मराठे दरवेळी हात हलवत परततात. यंदा मी काहीतरी घेऊन चाललेय."

सगळी बस हसली. सेक्रेटरीही हसले. जागा फक्त माझ्या शेजारी होती. तू बसलीस आणि ते धड सरळ माझ्या मांडीवर दिलंस. "जरा धर. लहान मूल धरतात तसं, मान सांभाळून." त्याला मानच नव्हती, तरी मी दिल्ली येईपर्यंत ते तसंच धरून बसले. वाटेत मी तुम्ही-तुम्ही करत होते तर म्हणालीस, "ऑफिसात जन्मभर मॅडमच होते. तू मला ताई म्हण आणि अगं म्हण." निवृत्त स्टेनोग्राफर, एकटी, ख्रिस्ती, नगरकडची पण जन्म दिल्लीतला, राहणार माझ्याच सेक्टरमध्ये. एवढी माहिती तू एका दमात दिलीस. ते धड कशासाठी घेतलंस, ते मात्र सांगितलं नाहीस.

मग माझे रविवार तुझे झाले. तुझं चर्च आटोपलं की आपण मेट्रो पकडायचो. सदर बाजार, करोल बाग, कधी पार गाझियाबाद. जिथे लोकरीचं जुनं दुकान असेल तिथे. लोकरीची दुकानं बंद पडत चालली होती. गल्ल्यावरचा माणूस सांगायचा, "अब कौन बुनता है, बहनजी? सब रेडीमेड." तू मान डोलवायचीस, त्याच्या घरची चौकशी करायचीस, आणि मग अगदी सहज विचारायचीस, "भाईसाहब, ऊपर माळ्यावर कुछ पुराना पडा है क्या?" हिंदीत 'माळा' म्हणत नाहीत हे मी तुला कितीदा सांगितलं! दिल्लीत जन्मून तुझं हिंदी असं कसं, विचारलं तर म्हणायचीस, "त्यांना कळतं ना? बस."

आपली भांडणं काही संपली नाहीत बघ. मला पाट्या घासून लख्ख करायच्या असायच्या. एकदा तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी चिंचेचं पाणी करून एका पाटीचा कोपरा चमकवला, तर तू ओल्या केसांनी बाहेर येऊन ती घासणी माझ्या हातातून हिसकावून घेतलीस. "धूळ त्या दुकानाची आहे, रेखा. ती मी विकत घेतलीय." मी म्हटलं, "धूळ ती धूळ." अजूनही माझं तेच मत आहे. आणि जाहिरातीतल्या बायकांवरून किती वाद! मी म्हणायचे, "टाके मोजताना कोणी एवढं हसतं का? एक टाका सुटला तर अख्खी ओळ उसवावी लागते. आमच्या चेहऱ्यावर आठ्या असतात." तू म्हणायचीस, "त्यांना माहीत आहे ना कोणासाठी विणतायत." मी यांच्यासाठी विणायचे तेव्हा हे बर्फात असायचे, आणि मला काही हसू येत नसे.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात तुझ्या संग्रहाचं प्रदर्शन लावावं असा मी किती हट्ट धरला! तू एका वाक्यात उडवून लावलंस. "तिथे लोक थालीपीठ खायला येतात गं."

तू विणत नव्हतीस, ही गोष्ट मला बरेच दिवस कळलीच नव्हती. मी धरून चालले होते की येत असेल, कंटाळा करत असशील. एका हिवाळ्यात आपण आमच्या गच्चीवर उन्हात बसलो होतो. तू शेंगा सोलत होतीस, मी नातीसाठी टोपरं विणत होते. गंमत म्हणून मी सुया तुझ्यापुढे धरल्या. "घे, चार टाके घाल." तू हात मागे घेतलास, गरम भांड्यापासून घेतात तसा.

"आमच्या घरात नंदूनंतर सुई आली नाही," म्हणालीस.

मी विचारलं, "नंदू कोण?"

आणि तू शेंगा सोलता सोलता सांगितलंस. तुझी आई फार सुरेख विणायची. करोल बागेत एका सरदारजींचं लोकरीचं दुकान होतं, ते तिला नवे नमुने विणायला द्यायचे आणि दारात मांडायचे. एका थंडीत तिने नंदूसाठी स्वेटर विणला, छातीवर दोन बदकं, एकमेकांकडे तोंड केलेली. सरदारजींना तो इतका आवडला की त्यांनी नंदूला शेजारच्या स्टुडिओत नेऊन फोटो काढला, मोठा करून रंगवून घेतला, प्लायवूडवर चिकटवला आणि कडेने कापून दुकानाच्या दारात उभा केला. तू अकरा वर्षांची होतीस, तो चार. येणारे जाणारे त्याचे गाल ओढायचे. खरा नंदू दुकानात गेला की आपल्या त्या रंगीत रूपाला घाबरून आईच्या पदरात शिरायचा.

पुढच्या थंडीत तो न्यूमोनियाने गेला.

घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. बाप्तिस्म्याचा एक होता, त्यात नुसती शाल दिसते. वडील एकदा सरदारजींकडे तो कटआउट मागायला निघाले, तेव्हा आईने त्यांचा हात धरला. तिला तो बघवला नसता. ती त्या रस्त्याने जायचीच थांबली. पण तुझी शाळेची वाट तीच होती. तू रोज त्याच्यासमोर जरा थांबायचीस. एका हिवाळ्यात दुकानाची सजावट बदलली आणि त्या जागी नवीन कोणीतरी उभं होतं. तू आत जाऊन विचारू शकली नाहीस. मग तुम्ही घर बदललं. नोकरी लागल्यावर तू विचारायला गेलीस, तेव्हा तिथे चपलांचं दुकान होतं.

"तेव्हापासून शोधतेय," म्हणालीस. "दुसरं काय मिळतं ते घरी आणते. रिकाम्या हाताने कसं यायचं?"

तुझ्या हातातल्या शेंगा केव्हाच संपल्या होत्या. नुसती टरफलं चुरत होतीस. मी सुया पिशवीत घातल्या आणि तुझ्याजवळ सरकून बसले. तेव्हा राहून गेलं ते आत्ता बोलते. तू मला हे सांगितलंस म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कुणाची तरी आहे, बदली झाली तरी सुटणार नाही अशी.

गेल्या थंडीत तुझ्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पायांना सूज, जिने बंद. रविवार मी एकटीने करायला लागले. "काय मिळालं?" तू दारातच विचारायचीस. गाझियाबादचं एक लोकरीचं दुकान बंद होत होतं, तिथे मोबाइलचं शोरूम होणार होतं. मालक माझ्याच वयाचा. म्हणाला, "पिताजी ने करोल बाग की एक दुकान का सारा माल उठाया था, जब वो बंद हुई. देख लो ऊपर." मी शिडीवर चढले. गोण्यांच्या मागे, भिंतीला टेकून, तोंड भिंतीकडे, प्लायवूडचा एक मुलगा होता.

मी त्याला वळवलं. चार-पाच वर्षांचा. गालांवर गुलाबी रंग, ओठ जरा जास्तच लाल. निळा स्वेटर. छातीवर दोन बदकं, एकमेकांकडे तोंड केलेली.

टॅक्सीत मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. तुला फोन केला नाही.

तू पलंगावर उशीला टेकून होतीस. मी चादर काढली. तू चष्मा मागितलास. खिडकीपाशी धर म्हणालीस, मग जवळ आण म्हणालीस. बदकांवरून बोट फिरवलंस. गालावरून फिरवलंस. मी त्याला दोन्ही हातांनी धरून उभी.

"नाही," तू म्हणालीस.

"अगं, नीट बघ."

"नंदूचा स्वेटर तपकिरी होता."

"फोटो रंगवलेला आहे, कुमुदताई! रंगवणाऱ्याने निळा केला असेल. आणि बदकं?"

"त्या वेळी सगळ्याच आया बदकं विणायच्या."

"माल करोल बागेतला आहे म्हणाला तो."

"करोल बागेत लोकरीचं दुकान काय एकच होतं?" तुझा आवाज चढला. "मी माझ्या भावाला ओळखणार नाही का?"

"तू अकरा वर्षांची होतीस!"

"म्हणूनच," म्हणालीस. "मोठेपणी पाहिलेलं माणूस विसरतं. तेव्हा पाहिलेलं विसरत नाही."

मग चष्मा काढून उशीखाली ठेवलास. मी म्हटलं, राहू दे इथे, उद्या परत बघ. तू ऐकलं नाहीस. "तू आणलंस, तू ने." इतक्या वर्षांत तू माझ्याबरोबर परत पाठवलेली ती एकमेव वस्तू. फुटलेली पाटी ठेवून घ्यायचीस, उंदरांनी कुरतडलेलं शेड कार्ड ठेवून घ्यायचीस, आणि या मुलाला मात्र घरात जागा नव्हती.

मी त्याला आमच्याकडे आणलं. हे म्हणाले, "असेल तिचं खरं." पण मला ते पटलं नाही. मला अजून पटत नाही. मी नंतर दोन-तीनदा विषय काढला, तू टीव्हीचा आवाज वाढवलास. कधी वाटतं, तो खरंच नव्हता. मग वाटतं, तोच होता, पण चार वर्षांचं ते पोर या वयात, या पायांनी, घरात घ्यायचं बळ तुझ्यात उरलं नव्हतं. आणि एक विचार येतो तो मला सहनच होत नाही. तुला चेहराच आठवेनासा झाला असेल आणि तू ते कोणाला कळू दिलं नसशील. विचारायचं होतं. रोज ठरवायचे की आज विचारते, आणि तुझ्या हाताला टोचलेल्या सुया बघून परत फिरायचे.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तू बराच वेळ डोळे मिटून होतीस. मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू मधेच विचारलंस, "त्याला कुठे ठेवलंयस?"

"कोणाला?"

"त्या पोराला."

"आमच्या बैठकीत. कपाटाशेजारी."

"भिंतीकडे तोंड करून ठेवू नकोस."

माझे हात थांबले. मी तुला दुकानात तो कसा सापडला ते कधी सांगितलं नव्हतं. कुमुदताई, मी वाकून तुझ्या कानाशी विचारलं, "मग तो आहे ना, नंदू?" तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस, ओळख होती त्या नजरेत, आणि म्हणालीस, "चहा मिळतो का बघ ना." डॉक्टरांनी चहा बंद केला होता. तरी मी कँटीनमधून आणला, चमच्याने ओठ ओले केले. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुमच्यात मूठमूठ माती टाकतात हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे अग्नी देतात, बायका घरी असतात. मी कडेला उभी होते, तर पाद्रींनी मला पुढे बोलावलं. थंडीने माती घट्ट झाली होती, मुठीत येईना. मी नखांनी उकरून घेतली. ती पेटीवर पडल्याचा आवाज अजून कानात आहे.

प्रार्थनासभेच्या दिवशी मी आणि यांनी तुझ्या घरातलं जेवढं गाडीत मावलं तेवढं चर्चच्या हॉलमध्ये नेलं. पाट्या भिंतीला टेकवल्या, कार्डं टेबलावर पसरली, पानिपतचं ते धड मधोमध. विचारायला तू नव्हतीस, आणि थालीपीठ पण नव्हतं. लोक प्रार्थना संपल्यावर चहा घेऊन निघतील असं वाटलं होतं. कोणी निघेना. म्हाताऱ्या बायका शेड कार्डांवरच्या धाग्यांना बोट लावत उभ्या होत्या. एक मल्याळी बाई एका रंगापाशी थांबून म्हणाली, "ये वाला मेरे मिस्टर का था," आणि तिथेच खुर्ची ओढून बसली. तुझा चुलतभाऊ हे सगळं बघत होता. निघताना मला म्हणाला, "हे तुमच्याकडेच राहू दे, काकू. भंगारात द्यायचं म्हणून आलो होतो मी." त्याला आता नंदू माहीत आहे. मी सांगितला. तू रागावली असतीस, तर रागाव.

आता आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. हे कुरकुर करतात, आणि मी बाहेर गेले की पाट्या सरळ करून ठेवतात. मी एकही पाटी घासलेली नाही.

काल मुलगा आणि सून आले होते, ईशाला घेऊन. ती आता शाळेत जाते, मराठी अर्धं कळतं, अर्धं विचारून घेते. बैठकीत ती त्याच्यासमोर उभी राहिली. उंची जवळजवळ सारखी. तिने त्याच्या गालाला हात लावला, मग माझ्याकडे वळली.

"आजी, ये कौन है?"

स्वयंपाकघरातून सून बाहेर डोकावली. हे पेपर खाली करून माझ्याकडे बघायला लागले. मी तुझ्यासाठी थांबले, कुमुदताई. खरंच जरा वेळ थांबले.

"कुमुदआजीचा भाऊ," मी म्हटलं.

"इतना छोटा?"

"हो. एवढाच."

ती मान हलवून खेळायला गेली. तिने मानलं. आता या घरात तो तोच आहे. नाही म्हणायचं असेल, तर ये आणि म्हण.